टेबलावर टकटक करू नये

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी त्वचाविभागातून फोन आला, की मशीन बहिरं झालंय. मी विचारलं, माइक चालू आहे ना? पलीकडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी काय वेडी वाटले का तुम्हाला? मी म्हटलं, तसं नाही हो, पण बटण दाबल्यावर लाल दिवा लागतोय का तेवढं बघा. मग फोन ठेवल्याचा आवाज आला. म्हणजे दिवा लागला.

गेले दोन महिने हेच माझं काम. त्याआधी एकोणीस वर्षं मी याच इस्पितळाच्या स्कॅन विभागात टायपिस्ट होते. डॉक्टर फोटो बघून रेकॉर्डरमध्ये बोलायचे आणि आम्ही पाचजणी कानाला हेडफोन लावून, पायाखालच्या पेडलने आवाज पुढे-मागे करत रिपोर्ट टाइप करायचो. मग बोललेलं आपोआप लिहिणारं हे मशीन आलं. पाचातल्या दोघी घरी बसल्या, एक नोंदणीच्या खिडकीवर गेली, एक भांडाराच्या चाव्या सांभाळते. मी राहिले, कारण डॉक्टरांना मशीनशी कसं बोलावं हे शिकवायला कुणीतरी हवं होतं आणि मॅनेजरच्या मते डॉक्टरांचे आवाज माझ्याइतके कुणी ऐकले नव्हते. दारावर लांबलचक पाटी आहे, पण सगळे बाईच म्हणतात. बाई, हे का लिहीत नाही. बाई, हे काय लिहिलं. मशीनच्या चुकांना मी जन्म दिल्यासारखं बोलतात.

मी एक सूचनांचा कागद केला आणि प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर चिकटवला. माइक ओठांसमोर नको, ओठांच्या कोपऱ्याशी, चार बोटं लांब. बटण दाबल्यावर एक श्वास थांबून बोला. ओरडू नका, शब्द तोडून-तोडून बोलू नका, शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी बोलता तसं बोला. दुसऱ्याच्या नावाने उघडलेल्या मशीनवर बोलू नका, ते त्याच्याच आवाजाला सरावलेलं असतं. सर्दी झाली असेल तर आधी चार ओळी वाचून दाखवा. काहीच जमेना तर बंद करून परत चालू करा. हे शेवटचं वाक्य जाड अक्षरात, कारण दहापैकी सात फोन तिथेच मिटतात.

सातवी सूचना होती: टेबलावर टकटक करू नये.

त्या दिवशी माझं लक्ष कामात अजिबात नव्हतं. घड्याळाकडे सारखी मान जात होती. धाकट्या जावेचं पाच वाजताचं विमान होतं. ती मुलीकडे निघाली होती, सहा महिन्यांसाठी. मुलीचे दिवस भरत आले होते. दोन वाजता ते घरातून निघणार आणि त्याआधी मी पोचायचं, असं ठरलं होतं. सकाळपासून तिचे दोन फोन येऊन गेले.

“ताई, येताय ना? की तुमचं ते मशीन सोडत नाही?”

“येते गं बाई, एकला निघते.”

“एकला म्हणजे दोनला. मी ओळखते तुम्हाला.”

आमचं बावीस वर्षांचं जावापण. त्यातली वीस तरी एकमेकींना पाण्यात बघण्यात गेली. तिचं बोलणं फटकळ, माझं त्याहून. पण दोन महिन्यांपूर्वी तिला खोकला लागला आणि जाईना. औषधं झाली, वाफारे झाले. शेवटी मीच तिला आमच्या इस्पितळात आणलं आणि रांग चुकवून छातीचा स्कॅन करवला. तिने तेव्हाच सांगितलं होतं, “त्यात काही निघालं तर मी जाणार नाही. पोरीला तिकडे परक्या मुलखात माझं आजारपण नको. नाही निघालं तर सहा महिने माझं तोंड दिसणार नाही, खूश व्हा.” रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. मी तो घरी नेला आणि तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने वाचला. दोन्ही फुप्फुसं स्वच्छ. गाठ, डाग, पाणी काही नाही. तिने कणकेच्या हातांनी मला मिठी मारली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्या ब्लाउजच्या पाठीवर पिठाची पाच बोटं उमटली आणि मी ती दिवसभर झटकली नाहीत, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

साडेदहाला त्वचाविभागाचा परत फोन. आता म्हणे प्रत्येक वाक्याचा शेवट मशीन खातंय. याचं कारण मला झोपेतसुद्धा सांगता येईल. वाक्य संपायच्या आत ह्या बाई बटण सोडतात. पण तसं सांगितलं की माझ्याच अंगावर येतील, म्हणून त्यांचा आवाज त्यांनाच ऐकवायचं ठरवलं. मशीन प्रत्येक रिपोर्टचा आवाज तीस दिवस जपून ठेवतं. मी खालच्या खणातून माझे जुने हेडफोन काढले. दोन महिन्यांत कानाला लावले नव्हते. उशा जरा कडक झाल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंची दोन वाक्यं काढली. दोन्हींचे शेवट कापलेले, मी म्हटलं तसंच. आता शेजारी ठेवायला एखादं चांगलं बोलणं हवं होतं. त्यासाठी मोठ्या डॉक्टरांसारखं दुसरं कुणी नाही. ते स्कॅन विभागाचे प्रमुख. सावकाश, स्वच्छ, शेवटचं अक्षरसुद्धा न गिळता बोलतात. मी त्यांच्या परवाच्या रिपोर्टांतला कुठलातरी एक लावला.

“नॉर्मल पोट,” मोठे डॉक्टर म्हणाले. “यकृत. पुढे. पित्ताशय. पुढे. डावं मूत्रपिंड...”

टक, टक.

“पुढे.”

माझा उजवा अंगठा आपोआप खाली गेला आणि रेघेची कळ शोधायला लागला. त्याला मी सांगितलं नव्हतं. एकोणीस वर्षं तो हेच करत आला होता. हेडफोनमध्ये टक, टक ऐकू आलं की टाइप करायचं थांबायचं, तिथे एक लांब रेघ ओढायची आणि जागा रिकामी सोडायची.

ही पद्धत मला कुणी शिकवली नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की मोठे डॉक्टर काही ठिकाणी बोलता बोलता पेनाचं टोक दोनदा टेबलावर आपटतात, आणि नेमक्या त्याच ओळी नंतर कागदावर खोडून बदलतात. म्हणजे तिथे त्यांना खात्री नसते. मग मी तिथे रेघ सोडायला लागले. रिकामी जागा असलेला कागद सहीआधी त्यांच्याकडे परत जायचा, ते फोटो पुन्हा उघडायचे, नीट बघायचे आणि स्वतःच्या हाताने ती जागा भरायचे. बिनरेघेच्या कागदांवर ते धडाधड सह्या करत. आम्ही याबद्दल कधी एक शब्द बोललो नाही. मी मनात म्हणायचे, यालाच एकमेकांचं काम कळणं म्हणतात. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

आता पडद्यावर त्या ओळीत रेघ नव्हती. तिथे लिहिलं होतं: डावं मूत्रपिंड नॉर्मल.

ते वाक्य डॉक्टर बोलले नव्हते. ते माझं होतं.

हे जरा सांगायला हवं. मशीनमध्ये तयार मजकूर ठेवता येतो. डॉक्टर “नॉर्मल छाती” एवढं म्हणाले की बारा ओळी धपकन पडद्यावर येतात. मग अवयवाचं नाव घेतलं की खूण त्या ओळीवर जाते, काही वेगळं असेल तर बोलायचं, नसेल तर “पुढे” म्हणायचं. कंपनीने दिलेल्या मजकुरात प्रत्येक ओळीचा शेवट रिकामा होता आणि एकही जागा रिकामी राहिली तर सही होत नव्हती. त्यावरून डॉक्टरांनी माझं डोकं खाल्लं. शंभर माणसांत नव्वद नॉर्मल, मग प्रत्येकाला बारा वेळा नॉर्मल म्हणत बसू का? मॅनेजरने सांगितलं, बाई, भरून टाका. म्हणून एका सोमवारी मी बसून सगळ्या रिकाम्या जागा भरल्या. नॉर्मल, स्वच्छ, नॉर्मल, काही नाही. त्याच दिवशी मशीनचं आणखी एक बटण मी चालू केलं. मोठ्या डॉक्टरांच्या टकटकीने मध्येच नको ती अक्षरं उमटत होती. कंपनीच्या पुस्तिकेत उपाय होता: टेबलाचे आवाज गाळा. मी गाळले, म्हणजे जपून ठेवलेल्या आवाजात ते राहतात, पण लिहिताना मशीन ते सोडून देतं. आणि कागदावर सातवी सूचना वाढवली.

मला टकटकीचा अर्थ माहीत नव्हता असं कसं म्हणू? जगात एकटीला मला माहीत होता. पण त्या सोमवारी मी ऐकतच नव्हते. कान उघडे होते आणि डोळे पडद्यावर. ओळी स्वच्छ येतायत, मॅनेजर मागे उभा राहून वा म्हणतोय, एवढंच मला दिसत होतं. आठवी सूचनाही मी लिहिली होती, जागा सोडायची असेल तर तोंडाने ‘रिकामी’ म्हणा. मला वाटलं, मोठे डॉक्टर आता तसं म्हणतील. कागद वाचून ते हसलेसुद्धा होते. “सातवी सूचना चांगली आहे बाई, काही लोकांना असते अशी सवय.” मी समजले, थट्टा करतायत.

अकरा दिवस झाले होते त्याला. अकरा दिवस तो माणूस टेबलावर टकटक करत होता आणि मशीन ती गाळून माझं ‘नॉर्मल’ पुढे सरकवत होतं.

मग दुसरी तारीख आठवली. धाकटीचा स्कॅन त्या सोमवारनंतरच्या बुधवारचा.

तिच्या रिपोर्टचा नंबर मला पाठ होता, तरी दोनदा चुकीचा दाबला. तिसऱ्यांदा उघडला. वेळ, अडीच मिनिटं. नुसतं वाचून काही कळणार नव्हतं, वाचायला तर तो छानच होता. मी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरले.

“नॉर्मल छाती. श्वासनलिका. पुढे. डावं फुप्फुस. पुढे. उजवं फुप्फुस, वरचा भाग...”

मी म्हणत होते, नको. मोठ्याने म्हणत होते की मनात, ठाऊक नाही.

टक, टक.

“पुढे. हृदय. पुढे.”

परत लावलं. परत टक, टक. तिसऱ्यांदा आवाज वाढवून लावलं, या आशेने की ते खुर्चीचं चाक असेल, दार असेल, काहीही असेल. पण मी ते पेन ओळखते. पंख्याच्या घरघरीत, खोकल्यांत, बाहेरच्या ट्रॉलीच्या खडखडाटात मी ते एकोणीस वर्षं वेचून काढलं होतं.

अकरा वाजून दहा मिनिटं. मी उठले, दारापर्यंत गेले, परत आले, परत बसले. मग बाटलीतलं पाणी प्यायले आणि झाकण लावायला विसरले, ते सूचनांच्या गठ्ठ्यावर सांडलं. रुमालाने टिपत बसले. टिपायची काही गरज नव्हती. मला फक्त हाताला काम हवं होतं.

मॅनेजर दारात आला. “त्वचाविभागाचं झालं का?”

“होतंय. साहेब, एक विचारू? एखादा रिपोर्ट चुकीचा गेला असला, म्हणजे मशीनच्या तयार मजकुरामुळे, तर?”

“डॉक्टरांनी सही केलीय ना?”

“हो.”

“मग डॉक्टरांनी वाचून केलीय. आपला संबंध नाही.” तो आत आला आणि आवाज उतरवून म्हणाला, “बाई, पुढच्या महिन्यात तुमची जागा कायम करायचा कागद वर जातोय. आत्ता कशाला नसती ब्याद गळ्यात घेता? मजकूर कुणी भरला असं विचारलं तर मी काय सांगू?”

“मी भरला म्हणून सांगा.”

“तेच तर मला सांगायचं नाहीये,” तो म्हणाला. माणूस वाईट नाही. खरंच माझ्या भल्याचं बोलत होता, आणि त्याचंच मला जास्त भय वाटलं, कारण क्षणभर मला ते पटलं. दोन टकटकींनी काय होतं? डॉक्टरांनी भरलेल्या जागांत अर्ध्याअधिक शेवटी नॉर्मलच निघायच्या. तिचा खोकलाही कमी झालाय. पोरगी तिकडे आईची वाट बघतेय. मी एकला निघावं, डबा बांधून द्यायला मदत करावी, पोचलीस की फोन कर म्हणावं, आणि गुपचूप बसावं. नंतर कधीतरी सवडीने बघता येईल.

पण सहा महिने. वरच्या भागात काही असलंच तर त्याला सहा महिने म्हणजे काय असतं, हे मी शेकडो रिपोर्टांत स्वतःच्या बोटांनी टाइप केलं होतं. आणि तिला जा म्हणून मीच सांगितलं होतं, तिच्याच स्वयंपाकघरात, मोठ्या तोंडाने.

मी हेडफोन गळ्यात तसेच ठेवून निघाले. वायर मागे लोंबत होती. जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेले, लिफ्टची वाट बघवेना.

मोठ्या डॉक्टरांची खोली कायम अंधारी, पडद्यावरचे फोटो नीट दिसावेत म्हणून. ते माइक हातात धरून बसले होते. ओठांच्या कोपऱ्याशी, चार बोटं लांब. माझा कागद पाळणारे सगळ्या इस्पितळात ते एकटेच.

“बसा बाई. मशीन छान चाललंय.”

“डॉक्टर, तुम्ही टकटक करता तिथे जागा रिकामी राहत नाहीये.”

“कुठे काय करतो?”

“टेबलावर. पेनाने. दोनदा.”

“मी?” ते हसले. “नाही हो. मला नाही तसली सवय.”

मी त्यांच्याच मशीनवर धाकटीचा नंबर उघडला आणि आवाज लावला. उजवं फुप्फुस, वरचा भाग. टक, टक. पुढे. त्यांनी भुवया वर केल्या. मी परवाचा मूत्रपिंडाचा लावला. टक, टक. मग आणखी एक.

“हे मी करतो?”

“एकोणीस वर्षं करताय. जिथे खात्री नाही तिथे करता. मी तिथे रेघ सोडायची, तुम्ही परत बघून भरायचात. मला वाटायचं, तुम्ही मला सांगताय.”

त्यांनी शेवटचा आवाज स्वतः परत एकदा लावून ऐकला. मग अगदी हळू म्हणाले, “मला वाटायचं, बाईंना ऐकू कमी येतं.”

“काय?”

“त्या रेघा. मला वाटायचं, तुम्हाला माझा शब्द लागला नाही म्हणून जागा सोडलीत. मी काही बोललो नाही कधी. म्हटलं, उगाच वाईट वाटेल. शिवाय त्यानिमित्ताने फोटो परत बघणं व्हायचं, आणि गंमत म्हणजे बघायला हवे असेच नेमके असायचे.” ते थांबले. “खरं सांगू? म्हणून तर मी मशीनला हो म्हटलं. म्हटलं, यालाच ऐकू देत आता.”

तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणीस वर्षं मी ज्याला एकमेकांचं काम कळणं समजत होते, ते त्यांच्या लेखी माझं बहिरेपण होतं. एरवी मी तिथेच दोन शब्द सुनावले असते. पण भिंतीवर साडेअकरा वाजून गेले होते.

“ते नंतर बघू,” मी म्हटलं. “आता रेघ येत नाही, कारण ते आवाज मी गाळलेत आणि रिकाम्या जागाही मीच भरल्यात. तुम्ही रेघ दिसली नाही म्हणून सही केलीत. हा रिपोर्ट माझ्या जावेचा आहे. ती दोन वाजता घरातून निघतेय, सहा महिन्यांसाठी. तुम्ही हा फोटो परत बघा.”

“तुमच्या जाऊबाई म्हणजे तुम्ही नेहमी सांगता त्या... भांडखोर?”

“त्याच.”

त्यांनी माइक खाली ठेवला, चष्मा पुसला, फोटो उघडला. छातीचा स्कॅन म्हणजे एक फोटो नसतो, चाकूने पातळ काप करावेत तसे शेकडो असतात. ते वरून खाली आले, परत वर गेले. एका कापावर थांबले. मोठा केला. दोन काप मागे, एक पुढे. मला त्यातलं काही कळत नाही, मला फक्त शब्द कळतात, आणि ते एक शब्द बोलेनात. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. माइक ठेवल्यावर त्यांनी सवयीने पेन उचललं होतं. ते बोटांत सरळ उभं होतं, टोक खाली. हलू नकोस, मी त्या पेनाला म्हणत होते. आयुष्यभर टकटक केलीस, आज एकदा गप्प बस.

टक, टक.

या वेळी त्यांनाही ऐकू आलं. त्यांनी मान खाली करून स्वतःच्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. मग पेन टेबलावर आडवं ठेवलं.

“एक लहानसा ठिपका आहे,” ते म्हणाले. “जुनी खूणही असू शकते. काहीही असू शकतं. मी आत्ता नाव देणार नाही. पण हे नॉर्मल म्हणून जायला नको होतं. त्यांना थांबवा, बाई. आजच दुसरी तपासणी करू.”

“आणि बाकीचे?”

“किती आहेत?”

“ऐकावे लागतील. अकरा दिवसांचे सगळे.”

“कोण ऐकणार?”

मी गळ्यातल्या हेडफोनला हात लावला. त्यांनी मान हलवली. “मॅनेजरशी मी बोलतो. सही माझी आहे. आणि बाई...”

“डॉक्टर, मला आधी फोन करू द्या.”

बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले. तिथे वर-खाली माणसं जात होती, पण खोलीत जाऊन बसायचा धीर नव्हता. बोलायचं काय, ते ठरवत होते. व्हिसात काही अडचण निघाली म्हणू? डॉक्टरांना सहज एकदा भेटायचंय म्हणू? एक-दोन वाक्यं मनात जुळवलीसुद्धा. तयार मजकूर लिहिण्यात मी पटाईत झालेच होते.

तिने पहिल्या घंटेला उचलला.

“निघालात?”

“अगं, ऐक.”

“काय झालं? आवाज असा का येतोय? ताई, आम्हीच निघालोय हो. रस्त्यावर कुठेतरी काम चाललंय म्हणाले, म्हणून लवकर निघालो. जाता जाता तुम्हाला इस्पितळाच्या दारातच गाठावं म्हणत होते, पण हे ऐकतात कुठे. आता तुम्ही विमानतळावरच या.”

मागे दिराचा आवाज येत होता, पट्टा लाव म्हणून ओरडत होता.

“धाकटे, तो रिपोर्ट मी तुला चुकीचा सांगितला.”

“कुठला रिपोर्ट?”

“तुझा. छातीचा.”

“असं कसं? तुम्ही वाचून दाखवलात. स्वच्छ म्हणालात. डॉक्टरांनीच लिहिलं होतं ना?”

“नाही. ते वाक्य डॉक्टर बोललेच नव्हते. ते मी लिहिलेलं होतं, सगळ्यांसाठी आधीच लिहून ठेवलेलं. तिथे जागा रिकामी हवी होती. चूक माझी आहे. माझ्या एकटीची.”

ती काही बोलली नाही. बावीस वर्षांत तिने माझं एक वाक्य बिनउत्तराचं जाऊ दिलं नव्हतं. मी कठडा धरून उभी होते. शिव्या दे, मी मनात म्हणत होते, तुझा तो हक्कच आहे, पण काहीतरी बोल.

“मग काय आहे तिथे?” तिने विचारलं. आवाज एवढासा झाला होता.

जिभेवर चार शब्द तयार होते. काही नसेल गं. लहानसं आहे. घाबरू नकोस. सगळे चांगले शब्द, आणि ते म्हटले असते तर तिला बरंही वाटलं असतं.

“माहीत नाही,” मी म्हटलं. “डॉक्टरांनाही अजून माहीत नाही. एक ठिपका आहे. मी इथे दारात उभी राहते, तू ये.”

फोनवर तिचा श्वास ऐकू येत होता. मग एकदा खोकली. मग फोन तोंडापासून लांब गेला आणि तिचा आवाज आला, मला नव्हे, दिराला.

“गाडी वळवा. ताई बोलावतायत.”